ओला बिल्ला

१

खूण आधी परत येते आणि माणूस मागे राहतो, असा या कथेचा सांगाडा. लोककथांच्या माझ्या संग्रहात तिचे अकरा पाठ आहेत. सर्वांत जुना पाठ दगडाच्या खाणीतला. खाणीत उतरणारा प्रत्येक जण फाटकावरच्या फळीवरून आपल्या क्रमांकाची पत्र्याची चकती घेऊन जाई आणि वर आला की ती परत अडकवी. एके दिवशी एकाची चकती फळीवर दिसते आणि तो मात्र अजून खालीच असतो. मिठागरातल्या पाठात चकतीच्या जागी लाकडी खुंटी येते, बोटींच्या धक्क्यावर दोरीचा तुकडा. एका शहरी पाठात जलतरण तलावावरच्या कपाटाची किल्ली आहे. हा पाठ मला एका दंतवैद्याने माझ्या तोंडात आरसा धरलेला असताना सांगितला, त्यामुळे उलट प्रश्न विचारता आले नाहीत.

बाकी सारे बदलते, पण खूण प्रत्येक पाठात ओली परत येते. खाणीत ती घामाने ओली असते, मिठागरात खाऱ्या पाण्याने. जलतरण तलावाच्या किल्लीला ओलेपणाचे काय कौतुक, म्हणून तिथला निवेदक ती कोमट होती असे आवर्जून सांगतो. जो तपशील टिकवण्यासाठी सांगणारे इतकी खटपट करतात, कथेचा भार त्याच्यावरच असतो, हे आमच्या शास्त्रातले पहिल्या वर्गाचे ज्ञान. माझे आणखी एक निरीक्षण होते. भुताखेतांच्या गोष्टी सांगताना माणसे आवाज उतरवतात, मागे वळून पाहतात. इथे तसे कोणीच केले नाही. अकरापैकी नऊ निवेदकांनी नाक मुरडले आणि दोघांनी हात कपड्याला पुसले. मी टिपणात लिहिले होते, ‘भयकथा म्हणून नोंदवू नये. किळसकथा?’ आणि ते प्रश्नचिन्ह दोनदा गिरवले होते.

शेवट मात्र प्रत्येक पाठात निराळा, आणि बहुतेक ठिकाणी मागाहून चिकटवल्यासारखा. मी त्यांना फारसे महत्त्व दिले नव्हते.

पुढे देत आहे तो पाठ बारावा. त्याची निवेदक मीच आहे, तेव्हा त्याच्या विश्वासार्हतेबद्दल मी लिहिणे योग्य नव्हे. एवढेच नोंदवते की ज्या धाकट्या बहिणीची ही हकिकत आहे, ती आजही माझ्याबरोबर एकाच घरात राहते, आणि हे लिखाण मी ग्रंथालयात बसून करते आहे.

२

आमच्या शहराच्या टोकाला जमीन खाडीत घुसते, तिथे एक टेकडी आहे. टेकडी, तिच्या पायथ्याची दलदल आणि भोवतालचा काठ मिळून एक मोठे उद्यान केलेले आहे. चालणाऱ्यांसाठी वर जाणारी पायवाट, सायकलींसाठी टेकडीला वळसा घालणारा मुरमाचा रस्ता, वाटेत खाडीकडे तोंड करून ठेवलेली बाके. सायकलवाटेचा शेवटचा भाग इतका सखल आहे की भरतीच्या वेळी तो पाण्याखाली जातो. त्यामुळे फाटक बंद होण्याची वेळ रोज बदलते आणि ती तिथल्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते. आत कोणी अडकू नये म्हणून बिल्ल्यांची पद्धत आहे. आत जाताना फळीवरून पितळी बिल्ला घ्यायचा, बाहेर पडताना आपल्या खिळ्यावर लावायचा. फळी भरली की सगळे बाहेर आले असे समजून फाटकाला कुलूप लागते.

पूर्वी बिल्ल्याला गळ्यात घालायची दोरी असे. ती सायकलीच्या साखळीत अडकून दोघे पडले, तेव्हापासून दोऱ्या काढून टाकल्या. मग सायकलवाल्यांनी बिल्ला दातात धरायला सुरुवात केली; चढावर दोन्ही हात गुंतलेले, अंगातल्या कपड्यांना खिसे नाहीत. सोय म्हणून आलेली गोष्ट पाहता पाहता रीत झाली. खिशात बिल्ला ठेवणारा तो नवखा, आणि दातात धरून हसता येणारा तो मुरलेला. जुन्यांचे क्रमांक ठरलेले होते, आणि प्रत्येकाच्या बिल्ल्यावर त्याच्या दातांचे खड्डे पडलेले होते.

धाकटीचा क्रमांक एकोणसाठ. आजारपणामुळे ती वर्षभर अंथरुणाला खिळली होती. त्या काळात मी तिला भरवले, पुसले, कुशीवर वळवले आणि तिची भांडी उकळून ठेवली. आजार संसर्गाचा नव्हता, तरी उकळली. तिने ते पाहिले होते आणि त्याविषयी ती एक अक्षर बोलली नव्हती. बरी झाल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती: पूर्वीसारखा टेकडीचा वळसा एका दमात पुरा करायचा. डॉक्टरांनी होकार दिला, पण कोणीतरी सोबत असावे असे सांगितले. तिची मुलगी रविवारी उठत नाही, म्हणून ते कोणीतरी मी झाले.

‘‘हे बिल्ले आताच्या आता धुतले का जात नाहीत?’’ पहिल्याच रविवारी मी फाटकावरच्या माणसाला विचारले होते. सगळे त्याला बिल्लेमामा म्हणतात. रुंद बांध्याचा, सावकाश बोलणारा माणूस.

‘‘संध्याकाळी टाकतो की साबणाच्या पाण्यात.’’

‘‘सगळे एकाच बादलीत?’’

‘‘मग काय बाई, प्रत्येकाला वेगळी अंघोळ घालू?’’

धाकटी हँडलवर डोके टेकवून हसली. ‘‘मामा, हिच्या नादी लागू नका. ही साबणसुद्धा आधी धुऊन घेते.’’ मग तिने एकोणसाठ नंबरचा बिल्ला उचलला, मला दाखवून जिभेवर ठेवला आणि दातात पकडला. मी तोंड फिरवले. माझा स्वतःचा बिल्ला मी कागदी रुमालात गुंडाळून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकत असे.

३

चौथ्या रविवारी फळ्यावर लिहिले होते, ‘बंद: बारा’. आम्ही साडेनऊला आत गेलो. धाकटी म्हणाली, ‘‘आज पूर्ण वळसा. दमले तर खालच्या वाटेवर बसेन, पण अर्ध्यातून परत येणार नाही. तू घड्याळ बघत बसू नकोस, ताई.’’

पायवाटेच्या पहिल्या टप्प्यावर, सात-आठ मिनिटांच्या चढावर एक सपाट जागा आहे. तिथे दोन बाके आहेत आणि खांबावर बसवलेली दुर्बीण. मी तिथे बसून एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासला. ओहोटी होती. खाडीतले पाणी लांब मागे गेले होते आणि मधला चिखल उघडा पडला होता, जुन्या मांसासारखा करडा, ठिकठिकाणी चकाकणारा. वाऱ्याबरोबर त्याचा वास वर येत होता. सडलेल्या अंड्याचा म्हणतात तसा, पण त्याखाली काहीतरी गोडसर. मी नाकाला रुमाल लावून पाने उलटत राहिले.

सव्वाअकराला खाली उतरले. फळीवर आठ-दहा खिळे रिकामे होते. माझा बिल्ला लावायला हात पुढे केला, तर एकोणसाठावर बिल्ला होता.

आधी जीव भांड्यात पडला. वळसा पुरा झाला, आणि तोही वेळेआधी. मग मी तो बिल्ला नीट पाहिला. त्याच्यावरून एक जाड तार लोंबत होती. लाळ म्हणावी तर ती पिवळट होती आणि तुटत नव्हती. तार लांबत लांबत खाली जाई आणि थेंब जमिनीवर टेकला तरी वरचा धागा तसाच राही. खाली सिमेंटवर हाताच्या पंजाएवढा ओला डाग होता. फळीवर अकराचे ऊन थेट पडत होते. शेजारचे अठ्ठावन्न आणि साठ हात लावला तर पोळावेत इतके तापले असणार.

‘‘मामा, ही कधी आली?’’

‘‘झाला की तास.’’

‘‘तासभर हा असा ओला आहे?’’

मी चष्मा लावून वाकले. धाकटीच्या दातांचे खड्डे मला ओळखू येत. वर चार, खाली तीन, एका बाजूला. ते होतेच. पण आता बिल्ल्याची सगळी कड चावलेली होती, खाचेला खाच लागून, वर्तुळभर. एखाद्या गोल तोंडाने तो चारी बाजूंनी एकदम धरला असावा तसा.

माणूस चावता चावता बिल्ला तोंडात फिरवू शकतो, असे मी स्वतःला सांगितले. वर्षभर आजारी असलेली बाई पहिल्या पूर्ण वळशात दात आवळणारच.

‘‘काही बोलली का तुमच्याशी?’’

‘‘बिल्ला तोंडात असताना कोण बोलतं?’’ बिल्लेमामा म्हणाला. ‘‘नेहमी माझ्या हातावर टाकते, टाटा करते. आज तोंड पुढे केलं. मी धरला तर सोडेना. ओढूनच काढावा लागला.’’ त्याने उजवा हात विजारीला पुसला. तिथे आधीच पुसून पुसून चकचकीत झालेला पट्टा दिसत होता. ‘‘आणि काढल्यावर तोंड मिटलंच नाही तिने, बाई. उघडंच ठेवून गेली.’’

‘‘सायकल घेऊन?’’

तो फळीकडे पाहत राहिला. ‘‘सायकली मी मोजत नाही. माणसं मोजतो.’’

४

उद्यानापासून आमचे घर पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मी भाचीला फोन लावला.

‘‘हो, आई आली ना,’’ ती जांभई देत म्हणाली. ‘‘मगाशीच आली. तू कुठे राहिलीस, मावशी?’’

‘‘मला न सांगता का निघून आली? काय करतेय?’’

‘‘बाथरूममध्ये आहे. गुळण्या करतेय.’’

‘‘गुळण्या?’’

‘‘आल्यापासून तेच चाललंय. नळ सोडलाय आणि खळाखळा, खळाखळा. मी म्हटलं घसा दुखतोय का, तर मान हलवली. हो की नाही तेच कळलं नाही. मावशी, घरात खाडीचा वास मारतोय गं. चप्पल बाहेर काढ म्हटलं, तर पायात चप्पलच नाही. सायकलीचं विचारलं, तर माझ्याकडे बघत नुसती उभी.’’

फोनमधून पाणी ऐकू येत होते. धार पडत होती, आणि तिच्या आत एक दुसरा आवाज होता: पाणी तोंडात घोळवून बाहेर न टाकता गिळल्याचा. पुन्हा घोळवल्याचा. पुन्हा गिळल्याचा.

‘‘काहीतरी चघळतेयसुद्धा,’’ भाची आवाज बारीक करून म्हणाली. ‘‘मी म्हटलं, काय आहे तोंडात, दाखव. तर दाखवलं.’’

‘‘मग?’’

‘‘काही नाही.’’

‘‘काही नाही म्हणजे काय? नीट सांग.’’

‘‘काही नाही गं तोंडात. दातच आहेत.’’ मग बराच वेळ नुसते पाणी. ‘‘नुसते दात आहेत. मावशी, तू ये ना.’’

आलेच, असे म्हणून मी फोन ठेवला. श्रम, ऊन, पित्त. कारणे तयार होती. दमलेल्या माणसाला उलटी होते, तो चूळ भरत राहतो. भाचीला सकाळी उठवले की जगच विचित्र दिसते, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. मी पर्समधून माझा बिल्ला काढला.

तेवढ्यात फाटकातून एक सायकलवाला बाहेर आला. ओळखीचा होता, हेल्मेटखाली लाल लोकरी टोपी घालतो म्हणून सगळे त्याला टोपीवाला म्हणतात. त्याने आपला बिल्ला दातातून काढून लावला आणि मला पाहून थबकला.

‘‘अहो ताई, तुमच्या बहिणीला आवरा. खालच्या वाटेवरून उतरून चिखलात जाऊन बसल्यात. मी चार हाका मारल्या, बघेनात. पाणी चढायला लागलंय.’’

‘‘ती घरी गेली,’’ मी म्हणाले.

‘‘आत्ता बघून आलोय. पिवळं जाकीट, निळी सायकल. मला काय तुमची बहीण कळत नाही?’’

बिल्लेमामाने त्याच्याकडे पाहिले नाही. माझ्याकडेही पाहिले नाही. ‘‘एकोणसाठ लागलाय,’’ तो म्हणाला.

टोपीवाला हसला. ‘‘मग चिखलात तुमचं भूत असेल, मामा,’’ म्हणाला आणि पायडल मारून निघून गेला.

५

मी परत वर चढले. सात मिनिटांचा चढ. धाप लागेपर्यंत चालले, तरी मनात मुद्दे मांडत होते. पिवळी जाकिटे पुष्कळ असतात. टोपीवाल्याला चष्मा आहे आणि तो सायकल चालवताना लावत नाही. दोन साक्षी विरोधी असतील तर ज्यात आवाज ऐकला ती अधिक जवळची. पण धाकटीचा आवाज मी ऐकला नव्हता. मी गुळण्या ऐकल्या होत्या.

दुर्बिणीच्या काचेवर कोणाच्या तरी कपाळाचे तेल होते आणि एक पापणीचा केस. पाणी चढत असताना, बहिणीचा जीव कदाचित खाली असताना, मी रुमालाचा कोपरा काढून ती काच पुसली. दोन्ही बाजूंनी पुसली. मगच डोळा लावला.

आधी नुसता चिखल. मग रस्त्याची कड, तिला टेकवलेली निळी सायकल. मग धाकटी.

ती गुडघ्यांवर बसली होती, माझ्याकडे अर्धी पाठ. उजव्या हाताची बोटे तिने तोंडात घातली होती, मुठीपर्यंत, आणि आत काहीतरी शोधत होती. गालाखालून बोटांचे सांधे वरखाली होताना दिसत होते. हात बाहेर काढी, पाही, चिखलात चाचपडे, पुन्हा तोंडात घाली. हात तिने मध्ये एकदाही पुसला नाही. चिखल तिच्या हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळला होता.

तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, चिखलात एक खळगा होता. कोणी कुशीवर झोपून उठावे तसा: खांदा, कमर, दुमडलेले गुडघे. तळाशी पाणी साचले होते आणि त्यात बुडबुडे येत होते. खळग्यापासून पावले निघाली होती, अनवाणी, रस्त्याकडे, आणि पुढे रस्त्याने फाटकाच्या दिशेला. खळग्याकडे जाणारे पाऊल कुठेच नव्हते. मी दुर्बीण त्या बाजूने, या बाजूने फिरवून शोधले. डोक्याच्या जागी जो खोलगट भाग होता, त्याची कड हलत होती. आत ओढली जात होती आणि सुटत होती, सावकाश, चोखल्यासारखी.

मग माझ्याच श्वासाने काच धुरकटली. पुन्हा पुसून पाहिले तेव्हा सायकल नव्हती आणि धाकटी नव्हती. पाण्याची पातळ जीभ खळग्यावरून पुढे गेली होती.

६

मी खाली आले, बाहेर पडले आणि माझा बिल्ला लावला. फळी भरली. बाराला सहा मिनिटे होती.

‘‘मामा, फाटक लावू नका. ती येतेय.’’

‘‘कोण?’’

‘‘माझी बहीण!’’

‘‘फळी भरलीय, बाई,’’ तो म्हणाला. त्याने कुलूप हातात घेतले. ‘‘आत कोणी नाही.’’

त्याने फाटकाचे दार ओढून कडी घातली, आणि त्याच वेळी वळणावर पिवळे दिसले. ती सायकल हाताने ढकलत येत होती. वळसा पुरा करून आलेल्या माणसासारखी नव्हे, आजारपणात भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची तशी. गजांपाशी आली, सायकल टेकवली आणि माझ्याकडे पाहिले. चिखल तिच्या पापण्यांपर्यंत होता. त्याला तो वास होता, आणि इतक्या जवळून त्यातला गोडसरपणा मला ओळखू आला. बंद खोलीतल्या आजारी तोंडाचा.

‘‘ताई,’’ ती म्हणाली. शब्दाबरोबर काळे पाणी ओठाच्या कोपऱ्यातून आले. ‘‘बिल्ला होता गं. आत्ता होता तोंडात. दमले म्हणून जरा बसले, डोळा लागला, तर कोणीतरी...’’ तिने जीभ गालात फिरवली. गालावर आतून उंचवटा फिरताना दिसला. ‘‘सापडत नाहीये. मामा, उघडा ना. पाणी आलंय खाली.’’

बिल्लेमामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

‘‘अशी काय बघतेस, ताई? परकी आहे का मी?’’

मी एक पाऊल मागे सरले होते. ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळले.

‘‘तू घरी आहेस,’’ मी म्हणाले. ‘‘तुझी मुलगी म्हणाली.’’

तिने गजांना हनुवटी टेकवली आणि हळूच विचारले, ‘‘ती एकटी आहे का घरी? तिच्याबरोबर?’’

बिल्लेमामाने माझी बाही ओढून मला फळीपाशी नेले. ‘‘माझ्या आधी इथे एक म्हातारा होता,’’ तो पटापट बोलू लागला. ‘‘त्याच्या वेळी एकदा झालं होतं. त्याने सांगून ठेवलंय मला. मी बिल्ल्याशिवाय उघडू शकत नाही. म्हणजे उघडलं तरी ती बाहेर येऊ शकत नाही. घरच्या माणसाने तो खिळ्यावरून काढायचा. आहे तसा. दातात धरायचा आणि तिच्या दातात द्यायचा. मग ती स्वतः येऊन लावेल.’’

‘‘आणि घरी आहे ती?’’

‘‘मला नाही ठाऊक. मी फाटक बघतो.’’ त्याने घड्याळ पाहिले. ‘‘आहे तसा, बाई. पुसायचा नाही.’’

अकरापैकी एकाही पाठात हा भाग नव्हता. नवा घटक सापडला की माझा हात वहीकडे जातो. तो तेव्हाही पर्सकडे गेला.

७

पर्समधून मी रुमाल काढला. त्याच्या दोन टोकांनी बिल्ला खिळ्यावरून उचलला. तो कोमट होता. रुमालातून बोटांपर्यंत ती ऊब आली, आणि अंगाची ऊब जशी एकसारखी नसते, कुठे कमी कुठे जास्त असते, तशी ती होती. तार माझ्या मनगटावर पडली आणि चिकटली.

मी तो तोंडापाशी आणला. हे मला स्पष्ट नोंदवायचे आहे: मी आणला. ओठ उघडले. आत, जिभेच्या टोकाला, त्याचा वास चवीसारखा लागला आणि पोटातून सगळे वर आले. मी भिंतीला हात टेकवून ओकले. तोंड पुसले. पुन्हा आणला. पुन्हा तेच.

‘‘ताई, लवकर,’’ धाकटी म्हणाली.

हा पितळेचा तुकडा आहे, असा मी विचार केला. त्यावर जे आहे ते त्याचा भाग नव्हे. क्रमांक तोच, वस्तू तीच, आणि म्हाताऱ्या फाटकवाल्यांच्या सांगण्यात अर्धी भर असते हे माझ्याइतके कोणाला माहीत आहे? मी त्या दोघांकडे पाठ केली. रुमाल बोटाभोवती गुंडाळला. बिल्ला पुढून पुसला, मागून पुसला, कडेची एकेक खाच नखाने साफ केली. वेळ लागला. रुमाल तिथेच टाकून दिला. मग बिल्ला दातात धरला. तो गार होता आणि त्याला धातूखेरीज कसलीही चव नव्हती.

मी गजांपाशी गेले आणि तोंड पुढे केले.

धाकटीने दोन गजांमधून चेहरा जमेल तितका बाहेर काढला. तिचे दात मला दिसले. वर चार, खाली तीन, आणि पुढचे, मला लहानपणापासून माहीत असलेले. चिखलाने माखलेले, पण तेच. ती बिल्ल्यापासून बोटभर अंतरावर थांबली. तिने वास घेतला.

‘‘पुसलास,’’ ती म्हणाली.

माझ्या तोंडात बिल्ला होता.

ती रागावली नव्हती. तिने चेहरा मागे घेतला, बाहीने हनुवटी पुसायला गेली आणि बाहीच चिखलाची आहे हे पाहून थांबली. ‘‘पोरीला एकटीला सोडू नकोस,’’ ती म्हणाली. मग तिने सायकल वळवली आणि ढकलत, आली तशी, वळणाकडे गेली. वळणापलीकडे चाकांचा मुरमावरचा आवाज काही वेळ येत राहिला आणि मग चाके पाण्यात गेल्याचा.

बिल्लेमामाने माझ्या दातातून बिल्ला काढून घेतला, एकोणसाठाच्या खिळ्यावर लावला, आणि बारा वाजून चार मिनिटांनी फाटकाला कुलूप घातले.